दोन चिऱ्यांची पोर

आमच्या कातळवाडीत मासळी किलोत मोजत, साखर किलोत मोजत, माणूस मात्र चिऱ्यांत मोजत. चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा तासलेला ठोकळा, घराच्या भिंतीला लावतात तो. एक चिरा साधारण पस्तीस किलोचा. 'जावई कसा आहे?' असं कुणी विचारलं तर 'बरा हाय, दीड चिरा असंल' एवढं उत्तर आमच्याकडे पुरत असे. ही पद्धत काही वाडवडिलांनी घालून दिलेली नव्हती. ती दत्तूकाकांच्या सहा आसनी रिक्षेमुळे पडली. त्या रिक्षेच्या इतिहासात माझी जागा कोणती होती, हे एकदाचं लिहून ठेवावं म्हणून बसले आहे, कारण वाडीत अजूनही ही गोष्ट लोक आपापल्या सोयीनं सांगतात आणि त्यात मला हवं तसं फुगवतात.

कातळवाडी रत्नागिरीच्या डोक्यावर, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. खाली शहर, बंदर, शाळा, कचेऱ्या. वर आम्ही, आंब्याची कलमं, काजू आणि दिवसभर घोंघावणारा वारा. मधे घाटी. एसटी खालच्या फाट्यापर्यंत यायची आणि तिथूनच वळायची, कारण घाटीची वळणं इतकी अरुंद की समोरून म्हैस आली तर दोघांपैकी कुणाला तरी मागे जावं लागे, आणि म्हैस जात नसे. रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. रेल्वेत दत्तूकाकांची थोडी जमीन गेली होती. त्या पैशातून त्यांनी ही डिझेलवरची तीनचाकी घेतली. सहा आसनी हे तिचं कागदावरचं नाव. मागे समोरासमोर दोन बाकं, त्यांवर आठ माणसं, माणसांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर पिशव्या आणि मागच्या फळीवर मासळीच्या पाट्या, असं एकंदर ते बिऱ्हाड असे. इतकं सगळं मागच्या चाकांच्या मागे लोंबायला लागलं की चढावर पुढचं चाक जमिनीवरून उचलायचं. चाक उचललं की हँडल फिरवून काही उपयोग नाही. दत्तूकाका नुसते हँडल धरून इतर प्रवाशांसारखेच बसून राहायचे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आपल्या शेजारी, पुढच्या सीटवर, दोन चिरे ठेवले होते.

मी आठवीत असताना एकदा मागे जागा नव्हती म्हणून त्या चिऱ्यांवरच बसले. त्या दिवशी गाडी घाटी अशी चढली की दत्तूकाका वर पोहोचल्यावर खाली उतरून चाकाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी एक चिरा कमी झाला आणि ती जागा माझी झाली. दहावी सुरू झाली तेव्हा दुसराही उतरला. ते दोन्ही चिरे त्यांनी घरी नेऊन न्हाणीच्या पायरीला बसवून टाकले, सिमेंट लावून. माझी वाढ वाडीनं ही अशी पाहिली. इतर मुलींची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतात.

आपल्या भाषेत वजन असणं हा मान आहे. अमक्याचं कचेरीत वजन आहे, तमक्याच्या शब्दाला वजन आहे असं आपण म्हणतो. माझं वाडीत वजन होतं, आणि ते खरोखरच वजन होतं. दुपारी शाळा सुटली की फाट्यावर गाडी भरलेली असली तरी माझ्यासाठी थांबायची. पुढच्या सीटवर दुसरं कुणी बसलं तर दत्तूकाका म्हणायचे, "ती जागा वैशूची हाय." गरोदर बाईलाही त्यांनी एकदा नम्रपणे मागे बसवलं. मला ताप आला तर दुपारची फेरी निम्मी माणसं घेऊन जायची, आणि उरलेली चालत वर यायची ती थेट आमच्या अंगणात. "कदी उतरंल ताप?" असं विचारायची. आई हळवी होऊन सगळ्यांना चहा करायची. मला मात्र लवकरच कळलं की ही काळजी माझी नव्हती.

मीही त्या जागेवर बसायला शिकले होते. सरळ चढाला पुढे ओणवायचं, छाती जवळजवळ काचेला टेकवायची. वळण आलं की वळणाच्या आतल्या बाजूला कलायचं, पण एकदम नाही. आधी खांदा, मग कंबर, मग बाकीचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीच अंगाला सांगायची.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. बाबा मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीत आणि मे महिन्यात, आणि आल्या आल्या दारातच माझ्याकडे बघायचे. मुलगी भरलेली दिसली की आईचा सहा महिन्यांचा संसार पास. त्यामुळे आई माझ्याकडे परीक्षेसारखं लक्ष द्यायची. सकाळी मला जाग यायची ती तव्यावर घावन टाकल्याच्या चर्र आवाजानं. घावन म्हणजे तांदळाचं जाळीदार धिरडं, त्याबरोबर गूळखोबऱ्याचं चून. शाळेच्या डब्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. दुपारी आल्यावर भात, कुळथाचं पिठलं, असलं तर मासळीचं कालवण, वर सोलकढी. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी 'तोंडात टाकायला' म्हणून काहीतरी, आणि रात्री पुन्हा पहिल्यापासून. मी खायचे. मला ते सगळं आवडायचं, अजूनही आवडतं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. फक्त, मी किती खाते हे माझ्यापेक्षा इतरांना जास्त ठाऊक असायचं.

शाळेत त्या दहावीच्या वर्षी खेळाच्या नव्या बाई आल्या. पाटीलबाई, कोल्हापूरकडच्या. त्यांनी पहिल्याच तासाला मला कबड्डीच्या मैदानाच्या कोपऱ्यात उभं केलं आणि म्हणाल्या, "जी येईल तिचा पाय धर. बाकी काय करू नगंस." मी धरला. ती मुलगी परत गेली नाही. दुसरी आली, तीही गेली नाही. तिसरीनं यायलाच नकार दिला. बाई शिट्टी तोंडात तशीच ठेवून माझ्याकडे बघत होत्या. "आगं, कुठं हुतीस तू एवढे दिवस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दत्तूकाकांच्या गाडीत. त्यांना काही ते कळलं नाही.

मग त्यांनी मला शाळेच्या ऑफिसातल्या काट्यावर उभं केलं. अडुसष्ट. "पंचावन्नच्या आत पायजे," बाई म्हणाल्या. "स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजन घेत्यात. पंचावन्नला एक काटा वर गेला तरी बाहेर काढत्यात. चार महिने हायेत. बघ, जमतंय का." म्हणजे मी संघात हवी होते माझ्या वजनामुळे, आणि मैदानात जायचं तर ते वजन दारात काढून ठेवायचं होतं. यातली गंमत मला आज कळते. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं होतं की माझ्या हातात काहीतरी आहे. ते माझं होतं, आणि मला तो संघ हवा होता. तोवरच्या आयुष्यात मला इतकं काही हवं झालं नव्हतं. मी झोपेत आईचा पाय धरून ठेवायला लागले. आई घाबरून उठायची आणि कुलदेवतेचं नाव घ्यायची.

घरी सांगायची सोय नव्हती. वजन उतरवायचं आहे असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. वजन आजारपणात उतरतं, किंवा सासरी. म्हणून मी चोरून सुरू केलं. डबा शाळेमागच्या कुत्र्याला दिला. तो कुत्रा त्या चार महिन्यांत असा झाला की पुढच्या वर्षी त्याला पुढच्या सीटवर बसवता आलं असतं. सकाळी मी फाट्यापर्यंत पळत उतरायला लागले, आईला सांगितलं की तोंडी परीक्षेची उजळणी चालता चालता चांगली होते. गणपतीत बाबांच्या समोर तीन मोदकांवर हात धुतला. बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं देवाकडे पाहिलं. मी म्हटलं, पोट बिघडलंय. मग आठवडाभर ओव्याचं पाणी प्याले.

पण ज्याला फसवता येत नव्हतं ते होतं पुढचं चाक. गणपती गेल्यावर एके दिवशी तिसऱ्या वळणावर दत्तूकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज जेवली नायस काय गो?"

"जेवले की."

"मग हँडल हलका कसा लागतो?"

मी आणखी पुढे ओणवले. त्यानंतर रोज वर पोहोचल्यावर ते मला सांगायचे. "आज वाईच बरा हाय." "आज कालच्यापेक्षा कमी." ऑफिसातला काटा अर्ध्या किलोचा फरक दाखवायचा नाही; दत्तूकाकांच्या मनगटांना पाव किलो कळायचा. शेवटी मी त्यांना खरं सांगून टाकलं, कबड्डी, पंचावन्न, सगळं. त्यांनी गाडी थांबवली. इंजिन धडधडत होतं. "खेळ गो बाय," ते म्हणाले, "खेळायला कोण नको म्हणतो? पण त्यासाठी वजन कशाला उतरवायचा?" मी पुन्हा समजावलं. ते पुन्हा म्हणाले, "खेळ, खेळ. पण खा."

आणि मग गाडीनं मला खायला घालायला सुरुवात केली. कुणी ठरवून केलं की आपसूक झालं, मला सांगता येणार नाही. दत्तूकाका फाट्यावर गरम वडा कागदात बांधून ठेवायचे. हलीमाखाला बंदरावरून मासळी घेऊन आमच्या वाडीत विकायला यायच्या, मागच्या फळीवर त्यांच्या दोन पाट्या असायच्या. त्या माझ्या खांद्यावरून पुढे हात घालून तळलेला बांगडा द्यायच्या, केळीच्या पानात. "खा पोरी. काटा कमी हाय यात." आप्पा गावकर, आमच्या वाडीचे मानकरी, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, ते पेन्शनच्या कामासाठी शहरात जायचे आणि येताना सदऱ्याच्या खिशातून फणसाचे तळलेले गरे काढायचे. एकेक करून, देवाला फूल वाहावं तसे माझ्या हातावर ठेवायचे. मी नको म्हटलं की सगळी गाडी गप्प व्हायची. डिझेलच्या इंजिनाच्या आवाजातही ती शांतता ऐकू यायची. मी खाल्लं. सकाळी पळून उतरवलेलं दुपारी घाटी चढता चढता परत यायचं. महिनाभर माझा काटा एकसष्टावर अडून बसला.

मग मी युक्ती केली. वडा घ्यायचा, तोंडाशी न्यायचा, आणि वळणावर कलताना बाहेर सोडून द्यायचा. अन्न टाकल्याचं पाप लागलं असेल तर ते सगळं तिसऱ्या वळणाच्या खालच्या बाजूला लागलं आहे. तिथे कावळ्यांची एक वसाहतच झाली. दिवाळीच्या तोंडावर मी सत्तावन्नावर आले. दत्तूकाका हल्ली काही बोलत नसत. नुसते हँडलवर जोर देऊन दात खात चालवायचे.

दिवाळीआधीचा बाजाराचा दिवस होता. फाट्यावर गाडी नेहमीपेक्षा जास्त भरली. तांदळाचं पोतं, तेलाचा डबा, कंदिलाच्या कामट्या, मागच्या फळीवर हलीमाखालांच्या दोन्ही पाट्या, आणि त्या दिवशी बांगडा भरपूर मिळाला होता. दत्तूकाकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, हिशेब केला आणि 'देवाक काळजी' म्हणून गाडी सोडली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाच्या पुढे जो खडा चढ आहे तिथं गाडी थोडी कण्हली आणि मग, अगदी सावकाश, कुणी मागून शेपूट धरून बसवावं तशी, मागे बसली. पुढचं चाक हवेत. मी आणि दत्तूकाका आभाळाकडे तोंड करून. मागची फळी रस्त्याला टेकलेली, त्यामुळे आणखी मागे जायची सोय नव्हती आणि पुढे यायचीही नव्हती.

"कोण हलू नका!" दत्तूकाका ओरडले.

कुणी हलत नव्हतंच. हलत होते ते बांगडे. पाट्या कलंडल्या होत्या आणि बांगडे एकामागून एक घाटीनं खाली निघाले होते. "माजे बांगडे! अल्ला, माजे बांगडे!" हलीमाखाला म्हणत होत्या, पण त्यांच्या मांडीवर तांदळाचं पोतं आलं होतं. तिसऱ्या वळणावरच्या कावळ्यांना सकाळपासून वाट पाहायची सवय होती. त्या दिवशी त्यांना वड्याऐवजी बांगडा मिळाला.

मग चर्चा सुरू झाली. मागच्यांचं म्हणणं, पुढच्यांनी आधी उतरावं. दत्तूकाका म्हणाले, आम्ही उतरलो तर गाडी तुम्हाला घेऊन उलटी होईल. मग मागच्यांनी उतरावं? तर चाक आपटून मोडेल, आणि ते चाक कुठं मिळतं ठाऊक आहे का? आप्पा गावकरांनी सुचवलं की एक मागचा आणि एक पुढचा असे जोडीजोडीनं उतरू. हे सगळ्यांना पटलं, पण पहिली जोडी कोण यावर पुन्हा अडलं, कारण आप्पांना मान पहिला हवा होता आणि गाडी उलटली तर शेवटचा. या सगळ्या वेळात मी हवेत बसून होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, सत्तावन्न, अजून दोन. मला लाज वाटत होती, पण आनंदही होत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढी हलकी होते की माझ्यामुळे काहीतरी वर गेलं होतं.

शेवटी वरून पोस्टमन सायकल धरून उतरत आला. त्यानं बघितलं, सायकल कलमाला टेकवली, काही न विचारता पुढचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि त्याला लोंबकळला. गाडी मान खाली घालावी तशी खाली आली. पोस्टमन जेमतेम सव्वा चिऱ्याचा. "एवढासा फरक होता," दत्तूकाका पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बगा, एवढासाच." आणि सगळी गाडी माझ्याकडे बघत होती.

रविवारी सकाळी देवळात वाडीची बैठक बसली. आमच्याकडे रस्ता, पाणी, भांडण, कशाचंही वाडीच्या बैठकीत होतं. त्या दिवशी माझ्या वजनाचं झालं. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे, आणि हलीमाखाला बाहेरच्या पायरीवर, कारण बांगडे त्यांचे गेले होते. कुणी म्हणालं पोरीला दृष्ट लागली. कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे, नाहीतर धडधाकट पोर मोदक सोडते काय? आप्पा गावकरांनी सगळ्यांना हात करून गप्प केलं, देवासमोर नारळ ठेवला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरा तुज्या पायाशी आली हायत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या वाडीची गाडी वाडीपर चढू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरीचा अन्न पोरीच्या अंगाला लागू दे, आणि कोण वाकड्या नजरेचा तिचा वजन खेचत असंल, त्याचा तोंड काळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि यात माझाही आवाज होता. लहानपणापासूनची सवय, आप्पांचा सूर वर गेला की तोंडातून आपोआप निघतं. स्वतःच्याच विरुद्ध मी देवाला होकार देऊन बसले.

तेव्हा खांबामागून आई उठली. माझी आई बैठकीत कधी बोलली नव्हती. तिनं पदर खोचला आणि दत्तूकाकांकडे बघून म्हणाली, "भावजी, मी माज्या पोरीला पंधरा वरसं वाढवली ती तुमचा चाक दाबायला नाय."

मला रडू आलं. मला वाटत होतं आईला काही ठाऊकच नाही. नंतर कळलं की कुत्र्यापासून कावळ्यांपर्यंत तिला सगळं ठाऊक होतं, आणि मी कधी सांगते याची ती वाट बघत होती. तिच्या आवाजानं मला धीर आला. मी उभी राहिले आणि कबड्डीचं सांगितलं, पंचावन्नचं सांगितलं, आणि मग विचारलं, जे खरं तर तिथल्या कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सुचायला हवं होतं. आम्ही बसलो होतो ते देऊळ चिऱ्यांचं होतं, पायऱ्या चिऱ्यांच्या होत्या, सगळी वाडी चिऱ्यांवर उभी होती. मी म्हटलं, "दत्तूकाका, गाडीत परत चिरा का नाही ठेवत?"

बैठकीत असा आवाज झाला की जणू कुणी दार उघडलं. खरंच की. आठवीपासून मला तिथं बघून बघून सगळे विसरूनच गेले होते की माझ्या आधी तिथं दगड होता. दत्तूकाका मात्र मान हलवत होते. "चिरा कलत नाय," ते म्हणाले.

"म्हंजे?" आप्पांनी विचारलं.

"चिरा नुसता वजन देतो. वळणाला तो बसल्या जागी बसतो. ही पोर कलते. चढाला ओणवते." ते बोलता बोलता थांबले. "आता बोलताना माजा मलाच कळला. गाडी हिच्या वजनावर चढत नव्हती. हिच्या कलण्यावर चढत होती."

माझ्या शरीराबद्दल कुणी काही चांगलं बोललं असेल तर ते तेवढंच, आणि ते न्हाणीच्या पायरीत बसवलेल्या दगडांशी तुलना करून. ठरलं ते असं: एक चिरा आणि मी. उरलेल्या चिऱ्याचं काम मी कलून भागवायचं. आणि स्पर्धेपर्यंत गाडीत मला कुणी खायला द्यायचं नाही. आप्पांनी नारळ फोडला, आणि सवयीनं खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा मलाच दिला. मी तो हलीमाखालांना दिला.

स्पर्धेच्या सकाळी काटा साडेचोपन्नवर थांबला. पाटीलबाईंनी मला उचलून घेतलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एक शंका आली, कारण मी सहज उचलली गेले होते. मैदानाभोवती आमची अर्धी वाडी होती. दत्तूकाका गाडी भरून घेऊन आले होते. सामना सुरू झाला. समोरची पहिली मुलगी चढाईला आली, मी तिचा पाय धरला, आणि ती मला घेऊन मध्यरेषेपार गेली. अगदी पिशवी न्यावी तशी. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी हात घातला आणि माझ्याच हातात काही नाही असं वाटलं. मध्यंतरात बाई पाणी देताना म्हणाल्या, "आगं, तुझा जोर कुठं गेला?" मी काय सांगणार? चार महिने मेहनत करून मी तो घालवला होता.

दुसऱ्या डावात एकदा, फक्त एकदाच, ती मुलगी कोपऱ्यातून वळून निघाली आणि मला तिसरं वळण आठवलं. मी तिला ओढलं नाही. ती जिकडे झुकत होती तिकडेच मी आधी खांदा, मग कंबर, मग बाकीचं असं कलले. दोघी मिळून खाली आलो, आमच्या अंगणात. तिचा दम तिथंच सुटला. मैदानाबाहेरून आमच्या वाडीचा एकमुखी आवाज आला, "व्हय म्हाराजा!" पंचांनी वळून बघितलं.

सामना आम्ही हरलो. पुढच्या फेरीसाठी जिल्ह्याच्या संघात माझं नाव आलं नाही, आणि पुढच्या वर्षी माझं वय निघून गेलं. मी परत कधी स्पर्धेत खेळले नाही. त्यानंतर मी साठ किलोची झाले, बाळंतपणात अठ्ठ्याहत्तर झाले, मधे एकदा आजारपणात पन्नास झाले. आता पन्नाशी दिसायला लागली आहे तेव्हा काट्यावर उभं राहणंच सोडून दिलं आहे. घाटीला सिमेंट झालं, वळणं रुंद झाली, मुलींकडे स्कूटी आल्या. हे सगळं खरं असलं तरी त्या दिवसाबद्दल विचारलं तर मला सामना आठवत नाही, त्यानंतरचं जेवण आठवतं.

येताना गाडीत हलीमाखालांनी मागून फक्त खांद्यावर हात ठेवला, रिकामा. घरी आल्यावर मी पाय धुतले, पाटावर बसले. गरम भाकरी आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण होतं. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी बाईंसाठी उपाशी नव्हते आणि गाडीसाठी गिळत नव्हते. भूक लागली होती आणि मी जेवत होते. घास चावताना डोळ्यांतून पाणी येत होतं. ते हरल्याचं होतं की तिखटाचं, मला ठाऊक नव्हतं आणि मी पुसलंही नाही. एक भाकरी संपली. आईचा हात टोपलीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"किती वाढू?" तिनं विचारलं.

आजवर तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी घास थांबवून खरोखरच पोटाला विचारलं.

"अर्धी," मी म्हणाले.

आमच्याकडे मोडलेली भाकरी कुणाच्या पानात वाढत नाहीत, अपशकुन मानतात. आईनं भाकरी हातात घेतली, मधोमध मोडली, अर्धी माझ्या ताटात ठेवली, आणि उरलेली अर्धी स्वतःला घेऊन माझ्या समोर जेवायला बसली.